चुन्याचा मान

मानपान या शब्दाची मला शिसारी आहे. दादरला माहेरी हा शब्द मी लग्नकार्यातच ऐकला होता, तोही साड्यांवरून. काळाचौकीला सावंतांकडे सून होऊन आले तेव्हा कळलं की इथे फुटबॉललाही मानपान असतो. आमच्या चाळीचा गांगेश्वर फुटबॉल क्लब माझ्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या गावच्या गिरणीवाल्यांनी मिळून काढला आणि त्याला गावच्या देवाचं नाव दिलं. नावापर्यंत ठीक होतं. पण या शहाण्यांनी येताना ट्रंकेत घालून गावचे मानही आणले. हंगामाची पहिली किक सावंतांची, नारळ राण्यांचा, गाऱ्हाणं परबांच्या घरातल्या वडीलधाऱ्याने घालायचं. आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या त्या तांब्यांनी.

तांबे त्याच गावचे. गावात त्यांच्या वाट्याला कुठली कामं होती ते मी सांगायला नको. ती सोडून ते मुंबईला आले, गिरणीत लागले, पुढे धम्म घेतला, आमच्याच चाळीत तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत राहिले. आणि क्लब निघाल्यावर चुन्याची गोण नेमकी त्यांच्याच खोलीत ठेवली गेली. असं का, हे मी सासूबाईंना नवीन असताना विचारलं होतं. त्या अगदी सहज म्हणाल्या, "तेंचो तो मानच मां."

मी सांगतेय ते राजरत्न तांबेविषयी. माझा नवरा अभय आणि तो एका बाकावरचे. पन्नाशीला आलाय, माझगावला जहाजांच्या दुरुस्तीवर वेल्डर आहे. अंगाने सडपातळ, बोलायला कमी, पण मैदानाच्या कडेला उभा राहिला की त्याचा आवाज लालबागपर्यंत जावा. वीसेक वर्षं राइट बॅक खेळला. गुडघा गेल्यावर पोरांना शिकवायला लागला. दर रविवारी सकाळी, फुकट. आणि शिकवण्याआधी वाकून, डबा हलवत रेघा मारायचा. त्याच्या वडिलांनी, आनंदाकाकांनी मारल्या तशाच.

मॅचच्या आधी गोलपोस्टपाशी गाऱ्हाणं होतं. "बा देवा गांगेश्वरा, आज ही पोरां खेळाक उतरली हत, तेंच्या पायाक बळ दी, रेफ्रीक बरी बुद्धी दी रे म्हाराजा," असं परबांचा म्हातारा म्हणतो आणि सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" करतात. त्या वेळी राजरत्न खाली बसून बुटाची लेस बांधायचा. बांधलेली असली तरी सोडून पुन्हा बांधायचा. देव मानायचा नाही हे त्याच्या घरचं ठरलेलं, आणि कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही हे त्याचं स्वतःचं. क्लब मात्र तो मानायचा, आणि तोही अगदी मनापासून.

त्याची बायको प्रिती वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिचा भाऊ हितेंद्र तिथल्या पंचशील इलेव्हनचा कर्ताधर्ता. निळी जर्सी, मागे बुद्धाचं चित्र. आता ते लोक टॉवरमध्ये गेलेत, पण टीम तशीच आहे. हा हितेंद्र आला की एकच पालुपद: "दाजी, तुमी त्या गांगोबाच्या लोकांत काय करताय? चुना मारायला ठेवलाय तुमाला. समाजाच्या टीमला कोच नाय, आणि तुमी देवाच्या टीमला फुकट शिकवताय." एकदा मी साखर मागायला गेले होते तेव्हा हे चालू होतं. राजरत्न शांतपणे म्हणाला, "मी इथे जन्मलो ना रे हितू. वरळीत नाय जन्मलो." हितेंद्र बरोबर बोलत होता, पण त्याच्या बोलण्याचाही मला उबगच आला. त्याला दाजींची कळकळ कमी आणि कोचची गरज जास्त होती.

यंदा क्लबची पंच्याहत्तरी. सासरे गेल्या वर्षी वारले, त्यामुळे पहिल्या किकचा मान अभयकडे आलेला. तयारीची मीटिंग चाळीच्या गच्चीवर भरली आणि तिथे राजरत्न उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने क्लबकडे काही मागितलं. म्हणाला, "यंदाची पहिली किक आप्पांना द्या. एवढंच."

आप्पा म्हणजे त्याचे वडील, आनंदाकाका. मागण्याला कारण होतं. क्लबने पंच्याहत्तर वर्षांत एकच मोठा कप आणलाय, आणि तो आणला गोलकीपर आनंदाकाकांनी. फायनलला शेवटची पेनल्टी त्यांनी तोंडावर अडवली. दोन दात तिथेच मैदानात पडले. तो कप मग वाजतगाजत गावी नेला, देवापुढे ठेवला. सासूबाई ही गोष्ट फार कौतुकाने सांगतात, आणि सांगता सांगता हेही सांगून जातात की आनंदा बिचारा पायऱ्यांखाली उभा राहून टाळ्या वाजवत होता. कप आत आणि तो ज्याच्या दातांवर आला तो बाहेर, यात सांगण्यासारखं कौतुक काय आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अभयने सगळ्यांसमोर शब्द दिला. "राजा, हे काय विचारायचं? आनंदाकाकाच मारतील." टाळ्या झाल्या. त्या दिवशी मला नवऱ्याचा अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. राजरत्नने घरी जाऊन वडिलांना सांगितलं. काका अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे धरलेले. दुसऱ्या दिवसापासून ते चाळीच्या पॅसेजमध्ये भिंतीला हात धरून पाय मागे-पुढे करायला लागले. प्रितीने जुनी हिरवी कीपरची जर्सी शोधून काढली, उसवलेली बगल शिवली.

आणि इकडे आमच्या घरात सासूबाई जेवेनात. "किकेचो मान ह्या घराचो. तो देवाक इचारल्याशिवाय दुसऱ्याक दिवचो नाय. उद्या काय उलटासुलटा झाला तर?" माझ्या सासूबाई, रखमाबाई सावंत, हट्टाला पेटल्या की अभयचं शेपूट पायात जातं. त्याने काय केलं असेल? गावच्या गुरवाला व्हिडिओ कॉल लावला आणि देवाला कौल लावायला सांगितला. फुटबॉलला पहिली लाथ कुणी मारायची याचा!

मी स्वयंपाकघरातून बघत होते. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या स्टॅंडला टेकवलेला फोन, त्यात गाभाऱ्याचा अंधार, मूर्तीला चिकटवलेल्या ओल्या पाकळ्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. सासूबाई पदर घेऊन हात जोडून सोफ्यावर. मध्येच रेंज गेली. परत आली तेव्हा गुरव म्हणाला, "डावो दिल्यान." पाकळी पडताना आमच्यापैकी कुणीही पाहिली नव्हती. अभयच्या चेहऱ्यावर मी वाईट वाटल्याचं काही शोधत होते. तिथे सुटका होती. या माणसाच्या ताटात मी बावीस वर्षं वाढते आहे.

"त्या देवाला ऑफसाइड तरी कळतो का?" मी विचारलं. "आणि राजरत्नला कोण सांगणार?"

"सांगतो मी," अभय म्हणाला. "त्यांचा पण मान ठेवूच ना आपण. चुन्याचा."

"अहो, टर्फवर मॅच आहे. तिथे कसला चुना?"

"ते बघू."

त्याने सांगितलं नाहीच. मी सांगावं म्हणून दोनदा तळमजल्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा काका पॅसेजमध्ये पाय हलवत होते आणि राजरत्न शेजारी उभा राहून म्हणत होता, "जोरात नको आप्पा, नुसता टच करायचा." मी तशीच वर आले. अभय म्हणत होता की मैदानावर गेल्यावर समजावतो, आणि मी मूर्खपणे त्यावर विश्वास ठेवला.

परळला एका बंद गिरणीच्या जागेवर टर्फ आहे, तिथे कार्यक्रम. प्लास्टिकचं गवत, त्यावर पांढऱ्या रेघा कारखान्यातूनच विणून आलेल्या. सामना पंचशील इलेव्हनशी ठेवला होता, तोही राजरत्ननेच जुळवून आणलेला. दोन्ही बाजूची माणसं जमली, एका बाजूला पिवळे शर्ट, दुसऱ्या बाजूला निळे. तांबे मंडळी पिवळ्यांत बसली. टर्फवाल्याने गवतावर चुना टाकायला साफ नकार दिला, म्हणून आमच्या शूर कमिटीने मध्यभागी प्लास्टिकचा कागद अंथरला. कागदावर पितळेचं ताट, ताटात हळद-कुंकवासारखा चुना. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

गाऱ्हाणं झालं. राजरत्नने लेस बांधली. मग विकासने, आमच्या सेक्रेटरीने, माइकवर आनंदा तांबे यांचं नाव पुकारलं. काका हिरव्या जर्सीत उठले. राजरत्नने त्यांना धरून मध्यापर्यंत आणलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. काकांनी बॉलकडे बघितलं, उजवा पाय थोडा मागे घेतला. तेवढ्यात अभयने पुढे होऊन त्यांच्या हातात ताट दिलं.

विकास माइकवर म्हणाला, "चुन्याचा मान! जोरदार टाळ्या!"

टाळ्या खरंच झाल्या. हे मला सगळ्यात घाण वाटतं. शिकलेली, नोकरीवाली माणसं, मोबाइल वर धरून टाळ्या वाजवत होती.

काका ताटाकडे बघत राहिले. मग खाली बघितलं. "रेघा तर मारलेल्या आहेत," ते म्हणाले.

"काका, परंपरा आहे," अभय म्हणाला. "चिमूटभर टाका या कागदावर. मान तुमचाच आहे."

"आणि किक?"

अभयने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी दुसरीकडे.

राजरत्नला तेव्हा समजलं. मी त्याच्याकडेच बघत होते. त्याचा चेहरा लाल वगैरे झाला नाही. आजारी माणसाचा होतो तसा तो उतरला. निळ्यांच्या बाजूने हितेंद्र फोन घेऊन धावत आला आणि ओरडायला लागला, "समाजाने बघा! आमच्या म्हाताऱ्याला काय दिलं बघा! दाजी, कॅमेऱ्यात बोला!" त्याच्या आवाजात राग होता आणि रागापेक्षा जास्त खुशी. आता कोच मिळणार याची.

"फोन खाली कर, हितू," राजरत्न म्हणाला. "माझा बाप आहे तो."

त्याने वडिलांच्या हातातून ताट घेतलं, कागदावर ठेवलं, काकांच्या बोटांना लागलेला चुना स्वतःच्या रुमालाने पुसला आणि म्हणाला, "चला आप्पा." अभयने त्याचा दंड धरला. "राजा, अरे देवाने डावा कौल दिला, मी काय करू?" "अभ्या, तू मला फोन केला असतास तरी चाललं असतं," एवढंच राजरत्न म्हणाला आणि त्याने हात सोडवून घेतला.

ते निघाले, मागोमाग प्रिती. आणि माझ्या नवऱ्याने किक मारली. मारली! कार्यक्रम थांबू नये म्हणून. बॉल गेला, शिट्टी झाली, वडे वाटायला सुरुवात झाली.

मी उठले आणि गेटपाशी गेले. प्रिती टॅक्सी बघायला रस्त्यावर गेली होती. काका वॉचमनच्या स्टुलावर बसले होते, राजरत्न त्यांच्या पायातले बूट काढून चपला घालत होता. मी म्हटलं, "राजरत्नदादा, कौलाचं मला ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं." त्याने मान वर केली नाही.

"वहिनी, आत जा तुम्ही. मॅच सुरू झालीय."

मी तिथेच उभी राहिले. त्या घरात परत जायचं, त्या बाईला ताट वाढायचं, त्या माणसाच्या शेजारी झोपायचं होतं. जाळीतून मैदान दिसत होतं. राजरत्नची त्याकडे पाठ होती. एकदम आत आरडाओरडा झाला. पिवळ्या जर्सीतली पोरं, त्यानेच शिकवलेली, एकमेकांच्या अंगावर पडत होती. निळे कमरेवर हात ठेवून उभे होते.

काकांनी मान उचलली. "कुणाचा झाला?"

राजरत्न चपलेचा पट्टा लावत होता. वळून न बघता, नुसत्या आवाजावरून त्याने सांगितलं.

"आपला," तो म्हणाला. "आपला झाला, आप्पा."