कॉलीचं अंदाजपत्रक

माझ्या धाकट्या भावाला वकिलीत कधी यश आलं नाही, पण यशस्वी माणसं कशी राहतात ते त्याला तोंडपाठ होतं. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा कप्तान विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. बाकीच्या वकिलांनी खुर्च्या-टेबलं घेतली. आमच्या भावानं कुत्रा घेतला.

मेंढरं राखणारी विलायती जात, कॉली म्हणतात तिला. तांबूस अंग, वीतभर लांब केस, गळ्याभोवती पांढरीशुभ्र आयाळ. देखणा होता, यात वाद नाही. दारात बांधला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा, आणि ते बघणं बघायला भाऊ व्हरांड्यात बसायचा.

मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले, शिकले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. पगार झाला की भावाच्या हातात द्यायची. त्याच्या पोरांची फी त्यातून भागायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं.

एका रविवारी जेवणं उरकल्यावर त्यानं चष्मा लावला आणि कोर्टात अर्ज वाचावा तशा आवाजात कुत्र्याच्या वर्षाच्या खर्चाचं अंदाजपत्रक वाचायला घेतलं. दूध. मटण आमच्या घरात शिजत नव्हतं, म्हणून ते कॅम्पातल्या खानसाम्याकडून करून आणायचं, त्याचे पैसे वेगळे. केसांचा ब्रश, विलायती साबण, गोचिडांची पावडर, जनावरांच्या डॉक्टरची फी. उन्हाळ्यात बर्फ. शेवटी ‘किरकोळ’ म्हणून एक रक्कम होती, ती सगळ्यांत मोठी.

मग हा पैसा आणायचा कुठून, ते आलं. घरचा दुधाचा रतीब निम्मा करायचा. धुणंवाली बंद. “आणि आक्काचा पगार,” असं म्हणून तो पुढं वाचायला लागला.

“थांब रं जरा,” मी म्हणाले. “माझा पगार कुत्र्याच्या कागदावर कुणी मांडला?”

“घरचाच पैसा की तो.”

“आणि पोरांची फी?”

“ती भागवू कशी तरी. आक्का, तुला हे कळायचं न्हाय. असलं जनावर दारात असलं की पक्षकार कसला येतो बघ. लई मोठी माणसं येतील.”

भावजय खाली मान घालून सुपारी कातरत होती. घरभराचं धुणं आता तिच्या अंगावर पडणार होतं, तरी तिचा अडकित्ता चालूच राहिला. मला भावाइतकाच तिचाही राग आला.

“पुढच्या महिन्यापासून पगार माझ्याजवळ राहील,” मी सांगितलं. “पोरांची फी मी भरीन. कुत्र्याचं तुझं तू बघ.”

त्यानं काय बघितलं? पैसे थकल्यावर खानसाम्यानं मटण बंद केलं. कुत्रा भाकरी-ताकावर आला आणि खुशाल राहिला. ब्रश आला तसा कपाटात पडला. ज्याच्या केसांसाठी एवढा खटाटोप, त्याला विंचरायला कुणालाच वेळ नव्हता.

मोठी माणसंही आली, एकदाच. निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी चार माणसं घेऊन दाव्याचं बोलायला आला. रुबाब दाखवायला म्हणून भावानं साखळी सोडली. अंगणात माणसं पांगलेली त्या कुत्र्याला बघवेनात. त्यानं गोल फेऱ्या घालत, धोतरांना तोंड लावत, पाचही जणांना तुळशीमागच्या कोपऱ्यात आणून उभं केलं. भाऊ व्हरांड्यातून इंग्रजीत हुकूम सोडत होता. कुत्र्याला इंग्रजी येत होतं, पण भावाचं इंग्रजी त्याला कळलं नसावं. व्यापाऱ्यानं दावा दुसऱ्या वकिलाकडं दिला.

उन्हाळा लागला तशा कुत्र्याच्या केसांच्या गाठी झाल्या. दिवसभर तो न्हाणीच्या मोरीपाशी धापा टाकत पडायचा. “गाठी कापून टाक,” मी भावाला म्हणाले.

“केस कापले तर राहिलं काय त्याच्यात?” तो म्हणाला. त्या जनावराबद्दल त्याला काय वाटतं ते मला तेव्हा पुरतं कळलं.

तो कोर्टात गेल्यावर मी शिवणाची कात्री घेतली आणि गाठी कापून काढल्या. खाली कातडी चिघळली होती. कुत्रा हूं की चूं न करता उभा राहिला. संध्याकाळी भावानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि दारात बांधायचं सोडून दिलं. मग मी भावाला विचारलंच नाही. कुत्र्याचं आगगाडीचं तिकीट काढून त्याला गुंजी गावी आमच्या मामांकडं नेलं. त्यांची गुरं रानाच्या कडेला चरायची.

पहिल्याच संध्याकाळी मागं राहिलेलं एक वासरू त्यानं न सांगता गोठ्याकडं वळवून आणलं.

“ह्यो कामाचा हाय गं,” मामा म्हणाले. “खातो काय?”

“भाकरी.”

“मग राहू दे की.”

कुठल्याशा साहेबाच्या मडमेनं फार गळ घातली, म्हणून नाइलाजानं कुत्रा देऊन टाकला, असं भाऊ कोर्टात सांगत होता. एका वकिलाच्या बायकोनं हे मला कौतुकानं सांगितलं. मी खोडून काढलं नाही. खोटं बोलायला तरी त्याला काही खर्च येत नव्हता.