मोहनकाकांची दहा मिनिटं

अंबरनाथ पूर्वेहून आम्ही सात जण सायकलींवर निघालो तेव्हा एमआयडीसीच्या सकाळच्या पाळीची माणसं रिक्षांतून उतरत होती. माळशेजच्या पायथ्याला वळसा घालून परत, चार दिवस, कच्च्या वाटेने, तंबूसकट! जंगलात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सर्वांत मागे मोहनकाका, पाठीवर हॅम रेडिओ (परवाना काढून हौसेने चालवायचा बिनतारी संच) घेऊन. काका सिंधी, त्यांचं उल्हासनगर कॅम्प चारला सायकलच्या सुट्या भागांचं दुकान. साठी कधीच उलटली, परवान्याच्या परीक्षेत दोनदा आपटले, पण चिकाटी सोडली नाही.

त्यांना एकच ध्यास होता. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहामार्फत एकदा बोलायचं. एका फेरीत तो जेमतेम दहा मिनिटं टप्प्यात असतो. घराच्या गच्चीवरून वर्षभर हाका मारल्या, पण त्यांचा छोटा संच कुणालाच ऐकू गेला नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी पावणेसहाला तो बारवी धरणाजवळच्या माळावरून जाणार होता.

त्या दुपारी एका वाडीवर तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) मिळाली. वाढणाऱ्या ताई नको म्हणू देईनात आणि मीही म्हटलं नाही. पुढे माझंच चाक लागोपाठ दोनदा पंक्चर. काकांनी घड्याळाकडे बघत दोन्ही वेळा मुकाट्याने काढून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माळावर पोचलो तेव्हा उपग्रह यायला पाच मिनिटं उरली होती. खाली धरणाचं पाणी, मागे डोंगर. काका कापल्या गवतात उभे राहिले, अँटेना मी आभाळाकडे धरला. आणि काय सांगू, त्या एवढ्याशा डबीतून भोपाळ, कोचीन, कोलंबो एकदम बोलायला लागले! काकांनी पाच-सहा हाका मारल्या. गलक्यात सगळ्या बुडाल्या. आठ मिनिटं संपली.

तेवढ्यात संचातून कुणीतरी अनोळखी म्हणालं, "बीच में एक धीमी आवाज़ है. बाक़ी सब रुकिए."

सगळे थांबले. अख्खं आभाळ गप्प. काकांनी आपलं परवान्यावरचं संकेतनाम सांगितलं, आणि म्हणाले, "उल्हासनगर."

"उल्हासनगर, साफ़ सुनाई दिया."

अजून एक मिनिट उरलं होतं. बोला ना अजून, म्हणून मी त्यांना कोपराने ढोसलं. काकांनी बटण दाबलं. "और कोई धीमी आवाज़ हो तो बोले. हम रुके हैं." खरखरीतून एक बारीक आवाज आला.

दुसऱ्या दिवशी परतताना बदलापूरला चहा घेताना मी विचारलंच, ते मिनिट का सोडलं?

"साईं, सगळे थांबले ना माझ्यासाठी," काका म्हणाले. "मग मी नको थांबायला?"

घरी आलो. आई काहीतरी सांगायला लागली. हल्ली ती फार हळू बोलते. मी पंखा बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन बसलो.