आबेनीच्या आईचा खुराक आणि फेलिशियाचा कोट

इबादान शहरात संशोधक पोरांच्या वसतिगृहामागे आबेनीच्या आईची खाणावळ. पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि मालकिणीची जीभ. कुणी पानात भात टाकला तर ती समोर उभी राही. "तुझ्या बापानं पिकवलाय का रे?" पण डॉक्टरेटच्या अभ्यासात वर्षानुवर्षं पिचणारी ही पोरं तिची होती, आणि त्यात वाटेकरी तिला खपत नसे.

नाताळात ती त्यांना उपयोगाच्याच वस्तू देई. बादली, मच्छरदाणी, कपड्याचा साबण. "फुलदाण्या कुलगुरूला द्या," म्हणायची, "माझ्या लेकरांच्या खोलीत फूल ठेवायला जागा नाही, ढेकणांनाच पुरत नाही."

या वर्षी मात्र तिच्या डोक्यात एकटा अडिगुन होता. जानेवारीत त्याची तोंडी परीक्षा. तिथली रीत अशी, पास झालेला पोरगा बाहेर येतो आणि सगळ्यांदेखत पाया पडायला आपल्या आईपुढे जमिनीवर पालथा पडतो. अडिगुनची आई तर कधीच वारलेली. मग तो पालथा पडणार कुणापुढे? आबेनीच्या आईला यात शंकाच नव्हती. ऑगस्टात एक दिवस समोरच्या फेलिशिया शिंपिणीनं त्याच्या खांद्याला टेप लावली, आणि झालं.

"काय मोजतेस गं माझ्या पोराचं?"

"तुझं पोर? मग उघडं पाठवणारेस का परीक्षेला? नाताळात कोट देतेय त्याला."

आबेनीची आई तडक बाजारात गेली. वसतिगृहात वीज पाहुण्यासारखी येते, चहा न घेताच जाते. म्हणून तिनं चार दुकानदारांशी भांडून चार्जिंगचा दिवा निवडला, चांगला दणकट.

नाताळाच्या दुपारी भात-कोंबडीवर पोरं तुटून पडली होती. अडिगुननं दिवा घेतला. "फार कामाचा आहे हं, माय," म्हणाला आणि बाकाखाली ठेवला. मग कोट अंगात घातला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, तो गर्रकन फिरला, पुन्हा फिरला. आबेनीच्या आईनं कोंबडीच्या पातेल्यावर झाकण आदळलं.

वर फेलिशियानं मीठ चोळलं. "ऑगस्टात मोजली त्यापेक्षा छाती दोन बोटं उतरलीय. तुझ्याकडेच जेवतो ना गं हा?"

अडिगुननं मान खाली घातली. लिखाण संपवायच्या नादात तो महिनाभर खोलीतच कसाव्याच्या कंदाचा रवा पाण्यात भिजवून खात होता. आपल्या लेकराची हाडं वर आली, आणि ते त्या टेपवालीला आधी कळावं!

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याला धरून बसवला. कुटलेल्या कंदाचे गोळे, बकऱ्याचा रस्सा, वर तळलेली केळी.

"माय, पुरे आता."

"गप. उपाशी मेंदूला काय सुचणार?"

फेलिशिया दारातून ओरडली, "अगं बये, कोट उसवेल त्याचा!"

"मग शिलाई कच्ची म्हण ना."

परीक्षेच्या दिवशी दोघी डोक्याला सणासुदीची उंच फडकी बांधून परीक्षेच्या खोलीबाहेर उभ्या, एकमेकींना कोपर लावून. आत शिकलेल्यांनी पोराला किती ताटकळत ठेवलं ते त्यांनाच ठाऊक. शेवटी दार उघडलं. अडिगुन बाहेर आला, हसला आणि सरळ येऊन आबेनीच्या आईपुढे पालथा पडला.

टर्र!

मानेपासून कमरेपर्यंत कोट उसवला. पोरं खो खो हसायला लागली. आबेनीच्या आईनं आशीर्वादाला हात उचलला, तेवढ्यात फेलिशिया मध्ये घुसली, गुडघ्यांवर बसली, फडक्यातल्या टाचण्या काढून त्याची पाठ जोडू लागली. "हलू नकोस, राजा." फोटोवाल्यानं नेमकं तेवढंच टिपलं.

तो फोटो आता फेलिशियाच्या दुकानात लटकतोय. लेकराच्या पाठीवर तिचा हात, मागे कडेला कुणाचं तरी अर्धं फडकं.

"पाया माझ्या पडला होता," आबेनीची आई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. "विचारा त्याला." आणि न मागता वाढते.