शेवट बदललेली गोष्ट

"शेवट पाहून घेतो, ताई. मंगच नेतो."

अमरावतीच्या आमच्या वाचनालयात मी देवघेवीच्या काउंटरवर बसते, त्याला आता सोळा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत पुस्तकाचा वास घेणारे वाचक पाहिले, आधी किती पानं आहेत ते बघणारे पाहिले, जाड पुस्तक हातात तोलून "हे नको, पोटावर पडलं तर लागेल" म्हणणारेही पाहिले. हे म्हणणाऱ्या चाचांसारखा मात्र एकच. ते कपाटातून पुस्तक काढायचे, काउंटरशी उभे राहून थेट शेवटचं पान उघडायचे आणि हाताच्या अंतरावर धरून, ओठ हलवत, ते पान पूर्ण वाचायचे. मग एकतर पुस्तक माझ्यापुढे सरकवायचे, नाहीतर मुकाट्याने परत कपाटात ठेवून दुसरं काढायचे.

"अहो चाचा, मग वाचण्यात मजा काय उरली?" मी एकदा म्हटलं.

"मजा असते ना. जाचं कुठं हाय हे माईत असलं, की रस्ता मोकळ्या मनानं पाहता येते."

उत्तर तयार असल्यासारखं आलं. मला ते आवडलं आणि मी ते बरेच दिवस इतरांना सांगत सुटले. खरं कारण वेगळं होतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आणि कळलं तेही माझ्याच एका चुकीमुळे.

चाचा नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊनही अंगात खाकी शर्टच असायचा आणि खिशात पेनाशेजारी एक छोटा पेचकस. खिळखिळं काही दिसलं की त्यांचा हात गप्प बसत नसे. आमच्या वाचनकक्षातलं डुगडुगणारं टेबल त्यांनी कुणाला न विचारता नीट केलं. पंख्याचं करकरणं बंद केलं. मी आभार मानले तर म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केलं, ताई. मले वाचू देत नव्हता तो."

घरची भाषा त्यांची हिंदीच, वऱ्हाडी वळणाची. पण शाळा मराठी झालेली, आणि वाचायचे ते फक्त मराठी कादंबऱ्या. मी अंजनगाव सुर्जीची. घरी मीही मले-तुले करते, पण काउंटरवर बसलं की पुस्तकी मराठी तोंडात येते. चाचांना त्याचं हसू यायचं. "खुर्चीत बसलं की पुण्याले जाता तुमी," म्हणायचे.

त्यांची बायको वारलेली होती, लेक अकोल्याला दिलेली होती. एवढंच मला माहीत होतं. ते रोज अकराला यायचे आणि दुपारी वाचनालय बंद होईपर्यंत बसायचे. बसायचे नेहमी खिडकीजवळ, आणि शेजारची खुर्ची कुणी ओढून नेली तर नेऊ द्यायचे.

मग तो सिनेमा आला.

आमच्या वाचनालयात एक कादंबरी आहे, जिच्या तीन प्रती फाटून चौथी चालू आहे. रेल्वे फाटकाजवळच्या एका घरात राहणाऱ्या बाईची ती गोष्ट. नवरा भांडून घर सोडून जातो. ती तिथेच राहते, शिवणकाम करते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघते. अकरा वर्षांनी तो परत येतो, तेव्हा दाराला कुलूप असतं आणि शेजारी कुणालाच ती कुठे गेली ते सांगता येत नाही. तो पायरीवर बसतो. संपलं.

मी कॉलेजात असताना ती वाचली आणि दोन दिवस नीट जेवले नव्हते. ती बाई माझ्या मनात पक्की होती: उंच, काळीसावळी, दात जरा पुढे, चालताना पदर घट्ट खोचलेला. तुमचंही असं एखादं पुस्तक असेलच. त्यावर सिनेमा निघतोय म्हटल्यावर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पाहायचं नसतं आणि पाहिल्याशिवाय राहवतही नाही.

मी पहिल्याच दिवशी गेले. पडद्यावरची बाई गोरीपान होती. शिवणयंत्रावर बसली तरी केस विस्कटत नव्हते. फाटक नवं रंगवलेलं होतं. आणि शेवटी, माझा विश्वासच बसेना, नवरा दार वाजवतो आणि ती दार उघडते! घरातला उजेड त्याच्या तोंडावर पडतो, मागे गाणं सुरू होतं. मी रागाने उठले ती पायात चप्पल नीट न घालताच बाहेर आले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी आमच्या वाचक मंडळाची बैठक होती. पंचवीसेक माणसं जमली. निवृत्त प्राध्यापक होते, ते म्हणाले, "हा लेखकाचा खून आहे." एक शिक्षिका म्हणाली, तिला आता पुस्तक उघडलं तरी त्या नटीचाच चेहरा दिसतो, आपली बाई परत आणायची कशी? तिचा आवाज खरंच भरून आला होता. मीही बोलले, जरा जास्तच बोलले. कुलूप हीच ती कादंबरी आहे, ते कुलूप काढलं तर उरलं काय, असं काहीतरी. टाळ्या पडल्या.

चाचा मागच्या रांगेत होते. बैठकीला ते यायचे, बोलायचे कधी नाहीत. त्या दिवशी उभे राहिले.

"मले आवडला सिनेमा," ते म्हणाले. "तीनदा पाह्यला. इथं दोनदा, अन् इथला उतरला तं अकोल्याले जाऊन एकदा."

हशा पिकला. कुणीतरी विचारलं, नटी आवडली का? त्यावर आणखी हसले. चाचा उभेच होते. "नाही, शेवट आवडला. चांगला केला त्याइनं शेवट."

मला राग होताच. त्या भरात मी म्हणाले, "चाचा, तुम्ही पुस्तक नीट वाचलंय का? की याचंही शेवटचं पानच वाचलंत?"

सगळे हसले. चाचाही हसल्यासारखं करून खाली बसले. बैठक संपायच्या आत ते निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. आठवडा झाला. खिडकीजवळची जागा दुसऱ्या कुणी घेतली. मी स्वतःला सांगत होते की बरं नसेल, लेकीकडे गेले असतील. पण जेवताना ते हसल्यासारखं करून खाली बसणं डोळ्यांपुढे यायचं. दहाव्या दिवशी वाचनालय सुटल्यावर मी नोंदवहीतून पत्ता काढला आणि त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर, लख्ख झाडलेलं. चाचांनी मला पाहून नुसतं "या" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. साखर मला किती लागते ते विचारायला बाहेर आले, तेव्हा मी म्हणाले, "चाचा, माझं चुकलं. सगळ्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं."

"चुकलं नाही, ताई. पुस्तक वाचलं का म्हणून इचारलं तुमी. वाचलं मी. पण जसं वाचाले पायजे तसं नाही वाचलं."

मग चहा निवत गेला आणि ते सांगत गेले.

बायकोची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. ती अकोल्याची, उर्दू शाळेत सातवी शिकलेली. मराठी बोलणं समजायचं, वाचता येत नव्हतं. चार तास ती छताकडे बघत पडून राहायची. म्हणून चाचा वाचनालयातून ती कादंबरी घेऊन गेले आणि पलंगाशेजारी बसून तिला वाचून दाखवू लागले. वाचायचे मराठी, सांगायचे घरच्या बोलीत. कंटाळवाणं वर्णन आलं की गाळायचे, भांडण आलं की वाढवायचे.

"सिनेमावाले करतात तेच मी करत होतो, पाहा," ते म्हणाले. "पण ऐकणारीले आवडत होतं."

तिला ती फाटकाजवळची बाई आपलीच कुणी वाटायला लागली. घरी आल्यावरही तिचंच बोलणं. आज थंडी पडली, तिच्याकडे पांघरूण असेल का? नमाज झाल्यावर दुवा मागायची, त्यात लेकीच्या आणि नातीच्या मागोमाग त्या बाईच्या नवऱ्याचं नाव असायचं. "या अल्ला, उसको घर भेज दे."

"पुढं काय होते ते मी पाह्यलंच नव्हतं. दोघांनी संगंच जाचं, असं ठरलं होतं आमचं. अन् एका मंगळवारी वाचता वाचता शेवटचं पान आलं, अन् नजर खाली गेली तं दाराले कुलूप."

कपबशीवर बसू पाहणारी माशी त्यांनी हाताने हाकलली.

"तिच्या हातात डायलिसिसची सुई. मशीन चालू. ती म्हणे, 'फिर? आया ना वो?' काय सांगू मी तिले? मी पान पलटवलं. पुस्तकाच्या मागं दोन-तीन पानं कोरी असतात ना, ताई? त्या कोऱ्या पानाकडं पाहून वाचलं मी. त्यानं दार वाजवलं. तिनं उघडलं. पहिले भांडली. अकरा वर्षांचं सगळं भांडली. मंग म्हणे, हातपाय धू. ती आयकून राहिली होती. म्हणे, 'और? खाना खाया दोनों ने?' मी अजून एक पान पलटवलं अन् त्याइले जेवू घातलं. भाकर अन् वांग्याची भाजी."

तीन आठवड्यांनी ती गेली.

त्यानंतर चाचा कोणतंही पुस्तक शेवट पाहिल्याशिवाय नेईनासे झाले. आता वाचून कुणाला दाखवायचं नव्हतं, तरीही.

"मराच्या आधी तिच्याशी खोटं बोललो, हे खाऊन राहिलं होतं मले. तिनं एवढ्या दुवा मागितल्या, अन् मी तिले बनवलं. मंग तो सिनेमा आला. मी आपला सहज गेलो. अन् दार उघडलं, ताई. एवढ्या मोठ्या पडद्यावर. सगळ्याइच्या समोर. माहं खोटं खरं झालं."

मी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"तीनदा काहून गेलो म्हणता? पहिल्या वेळी डोळ्यात पाणी आलं अन् शेवट नीट दिसलाच नाही. दुसऱ्या वेळी नीट पाह्यला. तिसऱ्या वेळी अकोल्याले गेलो, काहून की ते तिचं गाव." मग जरा हसून म्हणाले, "फक्त सिनेमात ती भांडली नाही. तेवढं चुकलं त्याइचं."

चाचा पुन्हा वाचनालयात यायला लागले. मंडळात त्यांनी हे कधी सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. "त्याइचं पुस्तक खरंच बिघडलं असन," म्हणायचे. "त्याइले रागवू द्या."

पण वर्षभरातच त्यांची नजर जायला लागली. काचबिंदू होता, उशिरा लक्षात आला. आधी बारीक टाइपाची पुस्तकं सुटली, मग सगळीच. लेक येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली.

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ग्रंथपालांचं प्रशिक्षण होतं, तेव्हा मी दुपारच्या सुट्टीत त्यांना भेटायला गेले. नव्या वस्तीतलं घर होतं, आजूबाजूला अजून रिकामे प्लॉट. लेक शाळेत शिकवायला, जावई दुकानात, नात कॉलेजात. चाचा ओसरीवर एकटेच बसले होते. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला.

"इथं सगळे चांगले हायेत, ताई," म्हणाले. "जेवणखाण, दवाई, सगळं टायमावर. बोलाले कोणी नाही फक्त. सगळे थकून येतात."

मी नेलेल्या पुस्तकातली थोडी पानं त्यांना वाचून दाखवली. ते ऐकत होते, पण मन तिथं नव्हतं. एकदम म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात येऊन राहिली. तिले मराठी वाचता येत नव्हतं, पण कोरं पान तं कोणालेही दिसते ना? मी बाजूलेच बसलो होतो. पुस्तक तिच्या पुढ्यातच होतं."

मी पुस्तक मिटलं.

"चष्मा होता का तिच्या डोळ्यावर, हे आठवून राहिलो मी. रोज आठवतो. उशी आठवते, चादर आठवते, हाताले लावलेली चिकटपट्टी आठवते. चष्म्याचंच आठवत नाही."

"आडवं झाल्यावर कोण चष्मा लावतं, चाचा?" मी म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून.

"हाव. तेही खरंच." त्यांनी मांडीवरची शाल चाचपडून सारखी केली. मग म्हणाले, "पण लावला असला तं बरं होईन. मंग तिले माईत होतं, अन् तरी ती 'और' म्हणे."

प्रशिक्षणाची वेळ होत आली होती. मी निघाले तर "गेटपर्यंत येतो" म्हणाले आणि भिंतीला हात लावत आले. मी रिक्षात बसले. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. मला ते लेकीच्या फोनवरून कळलं, तेही महिनाभराने.

त्या दुपारी रिक्षा सुरू झाली तशी मी मागे वळून पाहिलं. शेजारच्या प्लॉटवर एक ट्रॅक्टर घरघरत होता, त्या आवाजात त्यांना आमची दिशा कळली नसावी. रिक्षा डावीकडे निघाली होती आणि चाचा उजवीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून हात हलवत होते. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. आम्ही वळणापर्यंत पोचलो तरी त्यांचा हात वरच होता.