कावळ्याला विचारलंत, मला नाही

पोपटमामा फोनवर बोलता बोलता मध्येच थांबायचे. दौंडला त्यांचं घर रेल्वेलाइनला अगदी लागून. मालगाडी आली की वाक्य अर्ध्यात सोडत आणि गाडी गेली की नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरू करत. "तुझ्या आईनं कांदा" म्हणून थांबले, की मी जर्मनीतल्या माझ्या खोलीत कानाला फोन लावून ती धडधड ऐकत बसायचे. मग, "इकला एकदाचा." उभा जन्म रेल्वेत शंटिंगला गेलेला माणूस. "तिला आधी जाऊ दे. तिच्यावर वरडून काय उपेग हाय?" म्हणायचे.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आमचं गाव मांडवगण फराटा. कॉलेजला मी दौंडला मामा-मामींकडे राहिले, आणि मला परदेशी शिकायला पाठवा म्हणून माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मागं लागले तेही मामाच. "पोरीला एवढ्या लांब?" म्हणून भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची पोरं पुण्यापतूर जाऊन माघारी आली. आमची जाईल तिथं टिकंल." विमानतळावर सगळे रडत होते, तर हे पार्किंगवरून वॉचमनशी भांडत होते.

मी गेले आणि मामांनी कायदाच केला. मला काय कळवायचं ते मामांमार्फत. माझ्या दादानं, मामीनं, अगदी आईनंसुद्धा परस्पर बोलायचं नाही. "एकटी पोर हाय. कुनीतरी कायतरी बरळायचं आन् तिचं डोस्कं फिरायचं." दर रविवारी ते मोटारसायकल काढून मांडवगणला जात, आई-अण्णांना व्हिडिओ कॉलवर बसवत आणि स्वतः शेजारी पहाऱ्याला बसत. मी आईला विचारायचे, उत्तर मामा द्यायचे. "सगळं बरं हाय. हितलं आमी बघतो, तू तिकडचं बघ." म्हैस आटली तरी बरं, दादाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी बरं. "मी परकी आहे का हो?" म्हणून मी तडकायचे. "परकी न्हाईस म्हनून तर!" हे वर.

मग माझी परीक्षा आली. त्या रविवारी कॉलवर अण्णा दिसले नाहीत. "उसाला पानी चाललंय. लाइटीचा टाइम बदललाय," मामा म्हणाले. पुढच्या रविवारीही पाणीच चाललं होतं. आई खाली बघत बसलेली. आई जन्मभर बोटानं कुंकू लावायची, त्या दिवशी कपाळावर टिकली होती. "आई, टिकली कधीपासून?" तिनं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "आता फॅशन हाय ती." मी हसले. हो, हसले!

शेवटचा पेपर झाला आणि मामांचा फोन आला. "अण्णा गेले, बाई. हार्ट अटॅक आला. परवा तेरावा झाला."

त्या दोन्ही रविवारी माझे वडील या जगात नव्हते. आणि माझ्या आईच्या पुसलेल्या कपाळावर तिच्या सख्ख्या भावानं टिकली चिकटवून तिला माझ्यापुढं बसवलं होतं. ही कसली माया? मामीनं नंतर सांगितलं, कॉल संपल्यावर आईनं ती टिकली ओरबाडून काढली आणि भावाच्या अंगावर फेकली. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी आले ती थेट दौंडला, मामांच्या दारात. पायातल्या चपला न काढता विचारलं, "कुणी अधिकार दिला तुम्हाला?"

मामा शांतपणे म्हणाले, "तुझ्या अण्णांनीच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. दादा म्हनला, रान इकनार न्हाई. न्हाई शिवला. आईला सांभाळतो म्हनला. न्हाई शिवला. मग म्या म्हनलो, पोरीला कळू दिलं न्हाई, परीक्षा हुईपतूर देनार बी न्हाई. तवा लगीच शिवला. त्यांचा जीव त्यातच अडकला व्हता."

"कावळ्याला विचारलंत!" मी किंचाळले. "एवढी माणसं नदीवर जमून कावळ्याला विचारलंत, आणि ज्या पोरीचा बाप गेला तिला एक फोन करून विचारता आलं नाही?"

तेवढ्यात गाडी आली. मामा सवयीनं थांबले. गाडी गेली, तरी थांबलेलेच. मग म्हणाले, "बरं. हितनं पुढं लपवनार न्हाई."

डोंबल! शब्द दिला आणि स्वतःच मोडला.

गेल्या वर्षी एका रविवारी मामांऐवजी मामीचा फोन आला. "ते बाजारात गेल्यात गं. सगळं बरं हाय." मागून गाडीची धडधड सुरू झाली, पण मामी थांबेना. गाडीच्या वर आवाज चढवून पावसाचं, शेजारणीचं, भाजीचं काहीबाही सांगत सुटली. मी म्हटलं, "मामी, गाडी जाऊ दे. मग खरं सांग."

मामी थांबली. गाडी गेली. "बरं न्हाई गं पोरी," ती रडत म्हणाली. "ह्यांच्या पोटात गाठ निघालीया. तुला सांगू नगं म्हनून शपथ घातलीया मला."

मिळेल त्या विमानानं आले. पुण्याच्या हॉस्पिटलात मामांनी मला बघितलं आणि खाटेवरूनच मामीवर ओरडले, "हिला कुनी सांगितलं?"

"तिला काय बोलता? मला बोला," मी म्हटलं.

"परीक्षा?"

"पुढच्या वेळी देईन."

"म्हंजी घातलं का पान्यात सगळं?"

मग आमचं रोज भांडण. मी पेज भरवायचे आणि भांडायचे, ते पेज गिळायचे आणि भांडायचे. सिस्टरनं दोनदा मला बाहेर काढलं. अण्णांचं शेवटचं काय काय झालं ते मी त्यांच्याकडून एकेक करून वदवून घेतलं. अण्णांनी माझं नाव घेतलं होतं, हेही तेव्हाच सांगितलं त्यांनी. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून बसले होते! एका दुपारी मामा गेले, तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. बापाचा हात मात्र त्यांनी माझ्याकडून काढून घेतला होता, त्याची भरपाई कशानं होणार?

दहावा दौंडला भीमेच्या काठी. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. मामांचा मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. एकही कावळा हलला नाही. मामी म्हणाली, प्राजूचं, म्हणजे माझं, शिक्षण पुरं होईल, काळजी करू नका. तरी नाही. ऊन चढलं. हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईनं मला कोपरानं ढोसलं. "म्हन गं, माफ केलं म्हन. सुटू दे जीव."

मी पुढं झाले. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही, पण मामांशी बोलायचं राहिलंच होतं.

"मामा, माफ केलेलं नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "राग आहे तसाच आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. सगळं बरं हाय म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही."

जमलेली माणसं हबकली. आईनं कपाळाला हात लावला.

आणि बाभळीवरचा एक कावळा खाली उतरला.

मामीनं पदर डोळ्यांना लावला. "ऐकलं बाई," ती म्हणाली, "ऐकलं एकदाचं त्यांनी."