गिअर उशिरा पडतो

ओव्हाळ काका गाडीत बसले की आधी रेडिओ बंद करायचे, मग एसी, आणि मग मला गप्प बसायला सांगायचे. ब्रेक दाबून ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर न्यूट्रलमधून ड्राइव्हला न्यायचे आणि डोळे मिटून वाट बघायचे. गिअर पडला की गाडीला बारीकसा हिसका बसतो. तो किती वेळाने बसला हे त्यांना घड्याळाशिवाय कळायचं. "उशीर आहे," एवढंच म्हणून ते उतरायचे आणि बॉनेट उघडायचे.

चाकणला कंपन्यांच्या रांगेत आमचं वर्कशॉप होतं. मी तिथे सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून जॉबकार्ड बनवायचं आणि दुरुस्त झालेली गाडी त्याच्या हवाली करायची, हे माझं काम. काका गिअरबॉक्सचे मिस्त्री. त्यांचे वडील पिंपरीत कारखान्यात कामाला होते, काका तिथल्याच वस्तीत वाढलेले. बुद्धपौर्णिमेला सगळ्या वर्कशॉपला पुरेल एवढी खीर घेऊन यायचे, आणि मॅनेजरला सगळ्यात शेवटी वाढायचे.

बाकीचे मिस्त्री आधी स्कॅनर लावायचे. काका म्हणायचे, "मशीन कोड सांगतं, कारण सांगत नाही. कारण तेलात असतं." गिअरबॉक्सच्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून ते उजेडात धरायचे, मग नाकाशी न्यायचे. जळका वास आला तर आतल्या क्लचप्लेटा गेल्या. पुष्कळदा नुसतं तेलच कमी असायचं. कुठेतरी पाइप गळत असायचा. तो बदलून तेल भरलं की गाडी सुधारायची, आणि अख्खा गिअरबॉक्स बदलायला निघालेल्या मॅनेजरचं तोंड उतरायचं.

थेरगावच्या देशमाने बाईंची गाडी आली ती महिनाअखेरीला. बाई शाळेत गणित शिकवायच्या. तक्रारही त्यांनी तशीच नेमकी सांगितली: सकाळी गाडी ठीक चालते, तासभर चालवल्यावर ड्राइव्हमध्ये टाकली की दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. काकांनी गाडी तळेगावच्या रस्त्याला नेऊन तापवली, परत आणून गिअरबॉक्सखालचं तेलाचं पॅन उघडलं. तेलाचा दाब सोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, गरम झाल्यावर अडकत होता. नवा पार्ट यायला आठ दिवस लागणार होते. त्यांनी जॉबकार्डावर लिहिलं, "गरम झाल्यावर गिअर उशिरा पडतो. पार्ट बदलल्याशिवाय गाडी देऊ नये," आणि खाली सही केली.

मॅनेजरला त्या महिन्याच्या गाड्या त्याच महिन्यात बाहेर काढायच्या होत्या. त्याने तेल बदलायला लावलं, गाडीतला बिघाडाचा कोड पुसायला लावला आणि मला केबिनमध्ये बोलावून नवं जॉबकार्ड काढायला सांगितलं, काकांच्या शेऱ्याशिवाय. मी काढलं. थंड गाडी बाईंना चालवून दाखवली. गिअर चटकन पडला. बाई खूश होऊन गेल्या.

चौथ्या दिवशी नाशिक रस्त्यावर दुभाजकाच्या फटीतून वळताना एका दमात गाडी वळली नाही, म्हणून त्यांनी थोडी मागे घेतली आणि ड्राइव्हमध्ये टाकली. गाडी आडवी, तशीच उभी राहिली. टेम्पो बाजूने येऊन धडकला. बाई वाचल्या, पण खुबा मोडला.

वरच्या ऑफिसातून चौकशीला दोन माणसं आली. नव्या कार्डावर मिस्त्री म्हणून काकांचं नाव होतं, शेरा नव्हता. काका म्हणाले, "मी लिहिलं होतं. सचिनला विचारा." मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत होती.

"मला असं काही आठवत नाही," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं, पान्यांची पेटी उचलली आणि ते लॉकरकडे गेले. एकोणीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढलं. मला बढती मिळाली.

दोन वर्षांनी ते मला आयटी पार्कजवळ माण गावात दिसले. आयटीवाल्यांची ने-आण करणारी बस चालवत होते. मधल्या वेळात टपरीवर चहा पीत उभे होते. मी जवळ गेलो. बरीच वाक्यं मनाशी जुळवली होती, पण तोंडातून एकच निघालं.

"मला आठवत होतं, काका."

"माहीत आहे." त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "कार्डावर बाईंचा नंबर होता. मी पण फोन केला नाही. लिहिलं, सही केली, वाटलं आपलं काम झालं. तेवढं त्यांना जाऊन सांगून आलो."

बाई काय म्हणाल्या, असं मी विचारलं. सगळं ऐकून बाईंनी दार लावून घेतलं होतं.

"मग जाऊन काय उपयोग झाला?"

"त्यांना वाटत होतं, आपलाच पाय चुकला. घरचेही तेच ऐकवत होते, या वयात गाडी कशाला शिकलीस म्हणून. तेवढं तरी त्यांच्या डोक्यातून गेलं." कप ठेवून ते बसकडे निघाले, आणि जाता जाता म्हणाले, "कार्ड कुणी बदललं ते मी सांगितलं नाही. ते तुझं तू सांग."

पुन्हा भेट झाली नाही. गेल्या थंडीत बस चालवतानाच त्यांच्या छातीत कळ आली. आधी बस कडेला लावली, मग मान टाकली, असं म्हणतात. वर्कशॉपच्या ग्रुपवर मॅनेजरने 'कुशल सहकारी गमावला' असं लिहिलं. खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतर महिन्याभराने मी थेरगावला बाईंच्या इमारतीपर्यंत गेलो. त्या काठी टेकत, दुधाची पिशवी घेऊन जिन्याच्या पायऱ्या चढत होत्या. मी जिन्यातच उभा होतो. बाजूला सरकून मी त्यांना वाट दिली. वर न बघताच त्यांनी माझे आभार मानले.