आईसाठी दिलेलं रक्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरात कधी येणार नाही.

आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन परभणीला ठरलं. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्ताची एक पिशवी आणायला सांगितली. मी चौकशी केली. खासगी रक्तपेढीत दाता लागत नव्हता, पण पिशवीमागे पैसे कितीतरी जास्त. सरकारी पेढीत अगदी थोडक्या पैशांत काम होत होतं — फक्त बदल्यात घरच्या किंवा ओळखीच्या कुणीतरी रक्त द्यायचं. मी पालमच्या शाळेत मास्तर, पगार बरा. खासगीचे पैसे मला जड नव्हते. तरी मी स्वस्ताचं निवडलं.

आणि रक्त द्यायची वेळ आली तेव्हा? — मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून. चाळिशीतल्या माणसानं हे कसं सांगायचं? मला मागं कावीळ झाली होती, असं मी पेढीतल्या बाईंना सांगितलं. झाली नव्हती.

मग शाळेतले क्लार्क वाघमारे यांना फोन केला. त्यांनाही कावीळच सांगितली. ते पुढच्या एसटीनं आले, रक्त दिलं, चहा घेतला आणि दुपारच्या शाळेला परत गेले. आईला भेटायलाही थांबले नाहीत.

इथवर नुसता भित्रेपणा होता. पुढचं सांगायला जीभ जड होते.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली. बहिणीनं विचारलं, रक्त कुणी दिलं? आई माझ्याकडे बघत होती — आणि मी म्हणालो, "मी."

तेव्हापासून आई येईल त्याला सांगते, लेकाच्या रक्तावर जगलेय म्हणून. दरवेळी मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

गेल्या दिवाळीत वाघमारे घरी आले. आईनं त्यांनाही तेच सांगितलं, माझ्यासमोर. वाघमारेंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "लेकरू हाय मावशी, देणारच की."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "सर, मावशी लय खूश हायेत. ऱ्हाऊ द्या."

आणि मी राहू दिलं.

आई आता ठणठणीत आहे. नातीच्या लग्नात सगळ्यांच्या आधी नटून बसली होती. तिला हसताना पाहिलं की मला वाघमारे आठवतात आणि मन भरून येतं — असा माणूस माझ्या वाट्याला आला. लग्नाचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते सहकुटुंब आले, आईच्या पाया पडले. आईनं त्यांना विचारलं, "तुमी याच्या हापिसातले ना?"

ते हो म्हणाले. मी शेजारीच उभा होतो.